साध्या कपड्यांतला कंडक्टर

माझ्या कपाटात त्या वर्षी खाकीचे दोन जोड होते आणि पांढऱ्या शर्ट-पँटचा एक. खाकी ड्युटीची. पांढरा विहारात जायला, लग्नाला आणि मयतीला. आमच्यात तिन्हीकडे पांढराच चालतो, त्यामुळे डोकं लावावं लागत नाही. उरलेल्या वेळी मी घरी बनियान आणि बर्मुडा घालून पडलेला असे. तिशी ओलांडलेल्या माणसाकडे याशिवाय काही कपडे असायला हवेत, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. लाल गाडीच्या कंडक्टरला आठवड्याची सुट्टी मिळते ती झोपायला, आणि झोपायला कोणी कपडे शिवत नाही.

एका सोमवारी संध्याकाळी मात्र मी ते कपाट उघडून त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. बुधवारी मला साकोलीला एका मुलीला भेटायला जायचं होतं. पाहायला नव्हे, भेटायला. पाहायला जातात तेव्हा काय घालायचं हे सगळ्यांना पाठ असतं. इस्त्रीचा शर्ट आत खोचायचा, बुटात मोजे घालायचे, सोबत मोठा भाऊ आणि चार लोकांत वजन असलेला एखादा मामा घ्यायचा. रविवारच्या गाडीत असा पाहायला निघालेला मुलगा मी दारातूनच ओळखतो. शर्टावर डब्यातल्या घडीच्या रेघा तशाच असतात, आणि मान वळवायची असली तर तो अख्खा वळतो. एकाच्या कॉलरमध्ये तर दुकानातली टाचणी तशीच राहिली होती. मीच काढून दिली आणि म्हटलं, पोरीनं पाहिली असती तर आधी तुलाच टोचली असती.

भेटायला जाताना काय घालतात, हे मात्र आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या घरातून आजवर असं कोणी गेलंच नव्हतं. निदान सांगून तरी.

ही मुलगी माझ्या गाडीतली. मी तेव्हा भंडारा-तुमसर करत होतो, सकाळची सव्वा नऊची. ती भंडाऱ्याला चढायची आणि तुमसरला उतरायची. तिथल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं तिचं काम. आपल्याकडच्या सगळ्याच पोरींसारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळून यायची, नुसते डोळे दिसायचे. वरठी गेली, खिडकीशी वारा लागला, की स्कार्फ खाली यायचा. ती दोन वर्षं माझ्या गाडीत होती. म्हणजे खरं सांगायचं तर पहिले काही महिने ती ड्युटी मला लागत होती, आणि नंतर मी ती मागून घेत होतो. हे डेपोत कोणाला कळलं नाही, माझ्या ड्रायव्हरला मात्र कळलं. आरसा त्याच्यासमोर असतो ना.

गाडीत माझं तोंड चालतं. चालतं म्हणजे बंदच होत नाही. दारात लोक अडकले की मी मागून ओरडणार, "दरवाज्यात काय आरती सुरू आहे का? सरका ना आत!" म्हातारी कोंबडी घेऊन चढली की, "आजी, तुमचं तिकीट माफ आहे, कोंबडीचं नाही." अख्खी गाडी हसते. हिला मी रोज विचारायचो, "सुईवाल्या मॅडम, एक तुमसर?" आणि तीही रोज हसायची. मी त्या हसण्यासाठी सकाळी उठत होतो म्हटलं तर फार खोटं होणार नाही.

पण हे तोंड माझं नाही, खाकीचं आहे. लहानपणी घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज निघायचा नाही, बाजूचा पोरगा म्हणायचा. आईला काळजी पडली होती की हा मुकाच राहतो का काय. नोकरी लागली, पहिल्या दिवशी खाकी अंगात घातली, आणि स्टँडवर उभा राहून ओरडलो, "वरठी, मोहाडी, तुमसर!" तो आवाज माझा आहे यावर माझाच विश्वास बसेना. तेव्हापासून तसंच चाललं आहे. खाकी असली की मी साठ माणसांना हाकतो. खाकी उतरली की दूधवाल्याला 'उद्या अर्धा लिटर जास्त' सांगायलाही वहिनीला पुढे करतो.

फेब्रुवारी संपताना एक दिवस ती मुलगी तिकीट घेताना म्हणाली, "तुमची सुट्टी कधी राहते?"

मी सवयीने म्हणालो, "मॅडम, सुट्टी मागणाऱ्याले भेटत नाही, न मागणाऱ्याले लागते."

"मी मस्करी नाही करून राहिली," ती म्हणाली. "विचारून राहिली."

बुधवार, असं म्हणालो. तिनेच मग पुढचं सांगितलं. ती येत्या बुधवारी सुट्टी टाकणार होती. भंडाऱ्यात तिला ओळखतात, तुमसरला तर जास्तच, आणि त्या रस्त्यावर मला कुत्रंही ओळखतं. म्हणून साकोली. दुपारी स्टँडवर. "तुमाले एकदा गाडीच्या बाहेर पाहू द्या," ती म्हणाली. "मंग सांगते."

आता अडचण अशी होती की त्याच आठवड्यातल्या रविवारी घरचे मला घेऊन पवनीला मुलगी पाहायला जाणार होते. भावाने गाडी सांगून ठेवली होती. मामाला निरोप गेला होता, माझी त्या दिवसाची रजाही टाकून झाली होती. मी आजवर अशा पाहण्यांना नाही म्हटलं नव्हतं, कारण नाही म्हणायलाही तोंड लागतं. बुधवारी तिच्याकडून होकाराचं काही लक्षण दिसलं, तर घरी सांगून पवनी रद्द करायची. नाही दिसलं, तर रविवारी मुकाट्याने मोजे घालायचे. इतकं सरळ होतं ते, आणि त्यामुळेच मी कपाटासमोर उभा होतो. मला ती हवी होती. तिच्याशिवाय दुसरी कोणी नको होती. आणि तिने आजवर मला खाकीशिवाय पाहिलेलंच नव्हतं.

ड्रायव्हर माझा पन्नाशीचा, पण या बाबतीत स्वतःला तरुण समजणारा. मंगळवारी तुमसरला चहा पिताना त्याला विचारलं, तर त्याने कप खालीच ठेवला.

"अबे, इस्त्रीचा शर्ट घालून गेला त तिले वाटन, हा पाहाले आला. घरच्यायले कुठी लपवून ठेवलं म्हणन. जीन घाल, टी-शर्ट घाल. एकदम कॅज्युअल. आपल्याले काही पडलीच नाही, असं वाटलं पायजे."

"पन पडली आहे ना," मी म्हणालो.

"तेच त दाखवाचं नाही न बे!"

सोमवारी रात्री घरी वहिनीलाही विचारलं होतं, पण रविवारच्या पवनीचं नाव करून. वहिनी तांदूळ निवडत होती. ती वर न पाहताच म्हणाली, "भाऊजी, मानूस साधा दिसला पायजे, पन गरीब नाही दिसला पायजे. अन् नवा कपडा त बिलकुल नोका घालू. नव्या कपड्यात मानूस कपडाच सांभाळत बसते." मला तेव्हा ते बायकी बोलणं वाटलं. ड्रायव्हरचं पुरुषी वाटलं. मी ड्रायव्हरचं ऐकलं.

मंगळवारी ड्युटी सुटल्यावर बाजारात गेलो. दुकानदाराने मला वरून खाली पाहिलं, मी खाकीतच होतो, आणि न विचारताच पांढरे शर्ट काढायला लागला. मी म्हटलं, तसं नाही, कॅज्युअल दाखवा. त्याने एक काळा टी-शर्ट काढला, छातीवर इंग्रजीत मोठी अक्षरं. जीन काढली ती इतकी घट्ट की तिच्यात उकिडवं बसता येईना. "साहेब, तुमच्या वयाचे सगळे हेच नेऊन राहिले," तो म्हणाला. माझ्या वयाचे ते सगळे कुठे राहतात, मला त्यातला एकही आजवर गाडीत दिसलेला नाही. पण मी घेतलं. रस्त्यात कोणी ओळखू नये म्हणून एक टोपी घेतली, आणि ऊन लागतं म्हणून काळा गॉगल.

बुधवारी भावाची मोटरसायकल घेऊन निघालो. घरी सांगितलं, मित्राकडे जेवायला चाललो. वहिनी दारात होती. तिने टी-शर्ट पाहिला, जीन पाहिली, काही बोलली नाही, पण पदर तोंडाशी नेला. वैनगंगेवरचा कारधाचा पूल ओलांडला आणि मला जरा सुटल्यासारखं वाटलं. लाखनीला आमच्याच डेपोची गाडी समोरून आली. तिच्या ड्रायव्हरला मी सवयीने हात केला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हॉर्न वाजवून बाजूला व्हायला सांगितलं. मी खूश झालो. बरोबर जमलं म्हटलं.

साकोलीच्या स्टँडवर तर कमालच झाली. तिथला कंट्रोलर मला चांगला ओळखतो. त्या भागातली ड्युटी लागली की मी त्याच्याच खिडकीशी उभा राहून पान खातो. मी त्याच्या समोरून गेलो, तर तो खिडकीतून म्हणाला, "गोंदिया का भाऊ? आत्ताच गेली. बसा बाकावर." मी मान हलवली आणि पुढे गेलो. मला हसू आवरेना.

ती टोकाच्या बाकावर बसली होती. तिला ओळखायला मला अडचण नव्हती. निळा स्कार्फ, तेच डोळे, मांडीवर तीच पर्स. अंगावर आकाशी रंगाचा पंजाबी ड्रेस होता, तोसुद्धा माझ्या ओळखीचा. त्याच्या बाहीवर लॅबमधल्या कसल्याशा औषधाचा पिवळा डाग आहे, तो धुऊनही जात नाही असं तिनेच एकदा सांगितलं होतं. म्हणजे ती कामावर जाते तशीच आली होती. मी तिच्यापासून चार हातांवर जाऊन उभा राहिलो आणि हसलो.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पर्स उचलून दुसऱ्या बाजूला घेतली.

मला वाटलं गंमत करते आहे. मी आणखी एक पाऊल पुढे झालो, पुन्हा हसलो. आता तिने तोंड फिरवलं, आणि लगेच परत माझ्याकडे वळून चांगल्या चढ्या आवाजात म्हणाली, "काय पायजे? कवाची पाहून राहिली मी. स्टँडवर पोलीस राहते, माहीत आहे ना?"

आजूबाजूचे लोक पाहायला लागले. मी गॉगल काढला. टोपी काढली. तोंड उघडलं, आणि आवाजच निघेना. नाव सांगावं एवढं साधं होतं ते. पण माझं नाव तिने कधी घेतलं नव्हतं, आणि मीही तिला कधी सांगितलं नव्हतं. शर्टावरच्या पट्टीवर तिने वाचलं असेल तेवढंच. ते नाव माझ्या तोंडून निघालंच नाही. निघालं ते असं: "भंडारा-तुमसर. सव्वा नऊ."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसला होता. तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, "ते गाडी इथून नाही सुटत, बाबू. भंडाऱ्याले जा लागते."

तिने माझ्याकडे पुन्हा पाहिलं, हळूहळू, वरून खाली आणि परत वर. स्कार्फ खाली ओढला. "अगं माय," ती म्हणाली. "तुमी?" आणि मग हसायलाच लागली. इतकी हसली की डोळे पुसले. म्हाताराही हसला, का ते न कळता. मीही हसलो. दोन वर्षं रोज सकाळी जिच्यासमोर मी उभा राहत होतो, तिने मला पोलिसात द्यायला काढलं होतं.

"पन असे काहून आले?" तिने विचारलं.

"असे म्हणजे?"

"असे," ती म्हणाली, आणि हाताने माझ्या टी-शर्टपासून जीनपर्यंत एक रेघ ओढली.

स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही डोसा खायला बसलो. त्या तासाभराचं वर्णन लवकर होतं, कारण मी काही बोललोच नाही. सुरुवातीला वाटलं, बसल्यावर येईल तोंडात. आलं नाही. खाकीच्या शर्टाला दोन खिसे असतात, झाकणाचे. एकात पेन, एकात कागद. बोलताना माझा हात आपोआप तिथे जातो, हे मला त्या दिवशी कळलं, कारण हात छातीवर जायचा आणि तिथे काहीच नसायचं. मग तो हात कुठे ठेवायचा ते कळेना. मार्चचं ऊन, वर पत्रा, अंगात काळा टी-शर्ट. जीन मांडीला आवळत होती. मी घामाने निथळत होतो आणि पंख्याकडे पाहत होतो.

ती विचारत होती. "गाडी चालवता येते तुमाले? मोठी?"

"नाही."

"शिकावं नाही वाटलं?"

"नाही."

"घरी कोण कोण असते?"

"आई. भाऊ. वहिनी."

तिने आपल्या लॅबचं सांगितलं. मोठमोठे मिशावाले सुई पाहून कसे डोळे मिटतात, आणि ती त्यांना वर पंखा मोजायला सांगते. एका माणसाने पंख्याची पाती मोजून 'तीन' म्हटलं तोवर रक्त काढून झालं होतं. ती मलाच हसवायला बघत होती. यावर गाडीत मी दहा वाक्यं फेकली असती. तिथे मी "हो का," एवढंच म्हणालो.

मग तिने माझ्या छातीकडे बोट केलं. "काय लिहिलं आहे?"

मी घेताना वाचलंच नव्हतं. मान खाली घालून उलटी अक्षरं वाचायला लागलो. न्यूयॉर्क लिहिलं होतं.

"गेले होते का कधी?"

"नाही," मी म्हणालो.

तिने डोसा संपवला. माझा अर्धा तसाच राहिला होता. चटणी घेताना माझा चमचा वाटीवर वाजला तेव्हा तिने एकदा पाहिलं, आणि मी चमचा खाली ठेवला. थोड्या वेळाने ती उठली. "बरं. निघते मी. भंडाऱ्याची गाडी असन आता." मी हो म्हणालो. भंडाऱ्याला जाणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा मला तोंडपाठ आहेत. पुढची कधी आहे, कोणती रिकामी येते, कोणत्या बाजूला बसलं तर ऊन लागत नाही, यातलं मी काहीही सांगितलं नाही. तिने स्कार्फ बांधला आणि रस्ता ओलांडून गेली. मी हॉटेलच्या दारात उभा होतो. तिने मागे वळून पाहिलं का, ते मला माहीत नाही, कारण मी मान खाली घालून माझे बूट पाहत होतो.

परत येताना अख्ख्या रस्त्यात मला उत्तरं सुचत होती. न्यूयॉर्कचं तर लाखनीच्या आधीच सुचलं. "तिकडची ड्युटी लागली नाही अजून, लागली की तुमाले अर्ध्या तिकिटात नेतो." मी मोटरसायकल चालवताच ते मोठ्याने म्हणून पाहिलं. चांगलं होतं. कारधाच्या पुलावर मी गाडी बाजूला घेतली आणि कठड्याशी उभा राहिलो. राग आला होता, ड्रायव्हरचा, दुकानदाराचा, आणि त्या टी-शर्टाचा तर फारच. पण खरं कारण कपड्यात नव्हतं, हे मला तिथे उभं राहून नीट कळत होतं. मी पांढरा शर्ट घालून गेलो असतो तरी असाच बसलो असतो. खाकीच्या आत जो माणूस आहे तो हा असा आहे, आणि त्याला तिने आज पाहिलं. मला रडू आलं. कोणी पाहू नये म्हणून मी गॉगल लावला, आणि त्या दिवशी तेवढा एक उपयोग त्या गॉगलचा झाला.

संध्याकाळी भावाने विचारलं, रविवारचे मोजे धुतलेले आहेत ना. मी हो म्हणालो. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि भाजीत मीठ टाकलं.

गुरुवारी सकाळी खाकी घातली. स्टँडवर पोचलो, वरठी-मोहाडी-तुमसर ओरडलो, आणि आवाज जसा होता तसाच निघाला. ती दिसत नव्हती. ड्रायव्हर इंजिन सुरू करून आरशातून माझ्याकडे पाहत होता. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडावरून त्याने ओळखलं असावं, कारण वेळ झाली तरी तो गाडी काढेना. मग ती धावत आली आणि चढली. गर्दीतून हात पुढे करून "एक तुमसर," एवढंच म्हणाली, खिडकीकडे पाहत. मी तिकीट काढून दिलं. सुईवाल्या मॅडम म्हणायची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी मी गाडीत जरा जास्तच बोलत होतो. कॉलेजच्या पोरांची फिरकी घेतली, एका पाटलाला सीटवर दोन जागा अडवल्या म्हणून तिकीटही दोन घ्या म्हटलं, पिशवीत वांगी घेऊन चढलेल्या बाईला भाजी खायला कधी बोलावता ते विचारलं. गाडी हसत होती. ती हसत नव्हती. स्कार्फ वरठी गेल्यावरही खाली आला नाही. मी मनात म्हटलं, झालं. रविवारी पवनी.

मोहाडीला बरीच गर्दी उतरते. तिथे गाडी थोडी थांबते. लोक उतरले, मी माझ्या सीटवर येऊन बसलो, आणि पाहतो तर ती उठून माझ्या बाजूच्या सीटवर येऊन बसली. आता काहीतरी बोलणं भागच होतं. माझ्याकडे एकच तयार वाक्य होतं. मी म्हणालो, "मॅडम, ते न्यूयॉर्कची ड्युटी लागली नाही अजून. लागली की तुमाले अर्ध्या तिकिटात..."

"थांबा," ती म्हणाली. तिने स्कार्फ खाली घेतला. "हे नाही पायजे मले."

मी थांबलो.

"दोन वर्षं झाले, मी हे ऐकून राहिली. चांगलं वाटते. पन हेच तुमी त्या वांग्यावाल्या बाईले बोलता, त्या पोट्ट्यायले बी हेच बोलता. मी घरी जाऊन विचार करो, या मानसाले मी त्या सगळ्यायतली एक आहो का अलग आहो? काही समजतच नव्हतं. म्हणून त बाहेर बोलावलं."

"अन् बाहेर मी एक शब्द नाही बोललो," मी म्हणालो.

"हाव ना."

मग ती आवाज खाली घेऊन म्हणाली, "मले पाहाले घरी किती जण आले, मोजत नाही मी आता. पाय पसरून बसतेत. पोहे खातेत. पगार विचारतेत. एकानं त चालून दाखव म्हटलं. ही पोरगी आपल्याले नाही म्हणू शकते, हे त्याच्यातल्या एकाच्या बी डोक्यात आलं नव्हतं. काल तुमच्या हातातला चमचा थरथरून राहिला होता. मी पाहिलं. मी नाही म्हणन याचं भेव लागलेला मानूस मी पहिल्यांदा पाहिला."

माझ्या अंगावर खाकी होती. बिल्ला होता, खिशात पेन होता, हात आपल्या जागेवर होता. तरी तोंडातून काही फुटेना. पण यावेळी एक गोष्ट सांगणं भाग होतं, आणि ती मी कशीबशी सांगितली.

"रविवारी मले पवनीले नेऊन राहिले. पोरगी पाहाले."

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मंग? जाणार आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

समोरून ड्रायव्हर ओरडला, "अबे घंटी मार ना! का मोहाडीतच राहाचं आहे?"

माझा हात वर गेला नाही. तिनेच हात वर करून दोरी दोनदा ओढली, आणि गाडी निघाली.